मुलांच्या निवासी शाळेचा पट का घटतो: खानापूर तालुक्यातील एका संस्थेच्या सचिवांना उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात तुमच्या संस्थेची फक्त मुलांची निवासी शाळा आहे. पाचवी ते बारावी, राज्य मंडळ, सेमी इंग्रजी, स्वयंअर्थसहाय्यित. पाचवीचे प्रवेश बऱ्यापैकी होतात, तरी एकूण पट दरवर्षी खाली येतोय. दहावीनंतर तर निम्म्याहून जास्त मुलं दाखला घेऊन जातात. संचालक मंडळाच्या बैठकीत चार सूचना आल्या: जाहिरातीवरचा खर्च वाढवावा, शिक्षकांना प्रवेशाचं टार्गेट द्यावं, सीबीएसई घ्यावं, नाहीतर मुलींनाही प्रवेश सुरू करावा. यातलं आधी काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

या वर्षी यातलं काहीच करू नका. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मी वसतिगृह सांभाळलं, मुख्याध्यापक होतो, आणि आता संस्थांना सल्ला देतो. पट घसरला की सगळ्यांचं लक्ष एप्रिल-मेच्या प्रवेशाकडे जातं, हे मी वारंवार पाहिलंय. तुमच्याकडे मुलं येतायत. ती राहत नाहीत, आणि का राहत नाहीत हे शाळेत कुणी लिहून ठेवलेलं नाही. दाखल्याच्या कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘घरगुती अडचण’ किंवा ‘पालकांची विनंती’ एवढंच सापडतं. त्यातून काहीही कळत नाही.

आधी हिशेब नीट मांडूया. पट तुम्ही वर्गवार मोजता, तो तुकडीवार मोजा, म्हणजे एकाच वर्षी पाचवीला आलेल्या मुलांचा गट धरून. जनरल रजिस्टर काढा आणि पाच-सहा वर्षांपूर्वी पाचवीला आलेल्या मुलांचीच नावं एका कागदावर उतरवा. सहावीला कोण होतं, सातवीला कोण होतं, दहावीच्या परीक्षेला तुमच्या शाळेतून कोण बसलं, एवढंच बघा. आठवीला किंवा नववीला मधूनच आलेली मुलं या कागदावर घेऊ नका. गळती झाकली जाते ती त्यांच्यामुळेच. वर्गात डोकी तेवढीच दिसतात म्हणून सगळं ठीक वाटतं, पण पाचवीतली वीस मुलं गेलेली असतात आणि बाहेरून आलेली पंधरा त्यांच्या जागी बसलेली असतात.

आकड्यांत सांगतो. समजा दरवर्षी पाचवीला ६० मुलं येतात आणि प्रत्येक इयत्तेनंतर शंभरातली दहा जातात. मग दहावीला ३५ उरतात आणि पाचवी ते दहावीचा मिळून पट साधारण २८१ राहतो. हीच गळती शंभरात पाचवर आणली तर दहावीला ४६ मुलं असतात आणि एकूण पट ३१८ च्या आसपास जातो. एकही नवा प्रवेश न वाढवता ३७ मुलं जास्त. ही ३७ नवी मुलं बाहेरून आणायची तर किती फ्लेक्स, किती गाड्या आणि शिक्षकांच्या किती सुट्ट्या लागतील, हे तुमच्या खजिनदारांना विचारा.

आता मुलं नेमकी कुठे गळतात ते बघू. तुमच्या भागात पहिली जागा पाचवी ते सहावीच्या मध्ये आहे. आपल्याकडचे पुष्कळ पालक मुलाला पाचवीला निवासी शाळेत घालतात ते नवोदय किंवा सैनिक स्कूलच्या परीक्षेची तयारी व्हावी म्हणून. सांगली जिल्ह्याचं नवोदय पलूसला आहे, सहावीला जास्तीत जास्त ८० जागा, आणि राहणं, जेवण, शिक्षण सगळं मोफत. साताऱ्याचं सैनिक स्कूल १९६१ सालचं, देशातलं पहिलं. तिथेही प्रवेश सहावीला आणि नववीला. ज्याची निवड झाली तो जाणारच, जायलाच हवा, आणि त्याचा सत्कार करून त्याला पाठवा. तुमचं नुकसान होतं ते निवड न झालेल्यांमुळे. वर्षभर त्याला एकच सांगितलेलं असतं की तुला नवोदयला जायचंय. निकाल लागतो, नाव येत नाही, आणि त्या दिवसापासून तुमची शाळा त्याच्या लेखी हरल्यावर मिळालेली जागा होते. पालकांनाही वाटतं, इथे वर्ष घातलं, उपयोग झाला नाही, आता गावातच बरा. हे टाळायचं असेल तर प्रवेशाच्या वेळीच सरळ विचारा की परीक्षेला बसवणार आहात का. बसवणार असतील तर दोन गोष्टी सांगा: तयारी आम्ही करून घेऊ, आणि निवड झाली नाही तर सहावी ते दहावी मुलाचं आमच्याकडे काय होईल ते हे असं. दुसरं वाक्य बोलायला शाळेकडे काहीतरी ठोस असावं लागतं. त्याकडे पुढे येतो.

दुसरी जागा दिवाळीची सुट्टी. पाचवी-सहावीतला मुलगा दिवाळीला घरी जातो आणि परत येत नाही. शाळा समजते की मुलाला घरची ओढ लागली. ओढ असतेच, पण तिच्याखाली बहुतेक वेळा एक ठरावीक गोष्ट असते आणि ती मुलगा सांगत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या एका वसतिगृहात सहावीतला एक मुलगा दिवाळीनंतर आला नाही. वडील दाखला न्यायला आले, अर्जात ‘घरगुती कारण’ लिहिलं. दाखला तयार होईपर्यंत त्यांना मेसमध्ये चहाला बसवलं आणि मुलाची चौकशी केली, मार्कांचं एक अक्षर न काढता. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “त्याचं अंथरूण ओलं होतं सर, रात्री. घरी कधी व्हायचं नाही.” त्या वसतिगृहात ओली गादी गच्चीवर वाळत टाकायची पद्धत होती, आणि गच्ची मैदानावरून दिसायची. सकाळी कवायतीला उभ्या असलेल्या दीडशे मुलांना रोज कळायचं की गादी कुणाची आहे. मोठ्या मुलांनी त्याला नाव पाडलं होतं. यावर उपाय साधा होता आणि पुढे तो झालाही: रात्री अकराच्या सुमारास वसतिगृहाच्या सेवकाने ठरलेल्या दोन-तीन मुलांना हळूच उठवून आणायचं, गादीवर रेक्झिनचं कव्हर, आणि चादर बदलायची ती सगळे उठायच्या आधी, मागच्या दाराने. या वयात हे पुष्कळ मुलांना होतं. त्यावर मुलाला ओरडायचं नसतं, आणि थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवायचं असतं. पण तो मुलगा गेला तो गेलाच.

अशा गोष्टी रेक्टरांच्या वहीत येत नाहीत. खरूज झालेला मुलगा आंघोळीच्या रांगेत शेवटी ढकलला जातो, घरून आलेल्या डब्यातला लाडू आठवीची मुलं संपवतात, पालक भेटीच्या रविवारी एकाकडे कुणीच येत नाही. फक्त मुलांच्या वसतिगृहात मोठ्या मुलांची दादागिरी हा गळतीचा सगळ्यात मोठा न बोलला जाणारा भाग असतो. म्हणून पाचवी-सहावीची राहण्याची इमारत वेगळी ठेवा; निदान मजला, न्हाणीघरं आणि जेवणाची वेळ वेगळी ठेवा. आणि लहान मुलांच्या वसतिगृहात एक तरी पोक्त बाई नोकरीला असू द्या, जिच्याकडे मुलगा ताप आला म्हणून जाऊ शकेल आणि गेल्यावर बसेल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेलं वसतिगृह आपल्याला ठाऊक आहे. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळालं. ते वसतिगृह उभं राहिलं त्यात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा वाटा किती होता, हे सातारकर आजही सांगतात. पोरांच्या पोटासाठी त्यांनी मंगळसूत्र मोडलं, पण त्याही आधी त्या त्या पोरांमध्ये राहिल्या. आपण वसतिगृहं बांधतो, फरशी चांगली घालतो, सीसीटीव्ही बसवतो, आणि दहा वर्षांच्या पोरांना सैन्यातून निवृत्त झालेल्या एका रेक्टरच्या भरवशावर सोडतो. तो माणूस कितीही चांगला असला तरी त्याच्या एकट्याच्याने हे होत नाही.

दिवाळीसाठी एक काम ठरवून टाका. सुट्टी संपायच्या दोन दिवस आधी वर्गशिक्षकाने प्रत्येक नव्या मुलाच्या घरी फोन करायचा आणि मुलाशी बोलायचं. ‘परत कधी येतोस’ एवढंच नको. त्याची काही वस्तू शाळेत राहिली असेल, त्याने लावलेलं रोप असेल, कबड्डीच्या संघात त्याचं नाव असेल, त्यावर बोलायचं. कोण परत येणार नाही हे त्या फोनवरच कळतं, आणि तेव्हा अजून काही करता येतं.

आता तुमच्या तालुक्याची खास गोष्ट. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातली गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करणारी कुटुंबं तमिळनाडूपासून पंजाबपर्यंत देशभर पसरलेली आहेत. तुमच्या पाचवीत अशा घरची मुलं किती आहेत ते मोजा. माझ्या अंदाजाने बरीच निघतील. हा मुलगा चौथीपर्यंत परमुलखात इंग्रजी माध्यमात शिकलेला असतो. घरी मराठी बोलतो, पण लिहिताना अडतो. जोडाक्षरं चुकतात, निबंध चार ओळींत संपतो. वर्गात मराठीच्या तासाला तो ‘कच्चा’ ठरतो आणि सहा महिन्यांत गणितातही मागे पडतो, कारण शाब्दिक उदाहरण वाचायलाच त्याला वेळ लागतो. पालकांना वाटतं शाळेत लक्ष नाही, शाळेला वाटतं मुलात दम नाही. पहिल्या सत्रात या मुलांना रोज एक तास मराठी वाचन-लेखनाचा वेगळा द्या आणि त्याला जादा तास म्हणू नका. फोनची वेळही बदला. वसतिगृहाची फोनची वेळ सायंकाळी पाच ते सहा असते, तेव्हा वडील दुकानात कामात असतात. या पालकांसाठी रविवारची सकाळ ठेवा. जो बाप महिनाभर मुलाशी बोलू शकला नाही, तो पुढच्या वर्षी मुलाला स्वतःकडे नेतो. त्यात त्याचं काय चुकलं?

फीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण याची बैठकीत चर्चा होते ती फक्त थकबाकी म्हणून. तुमचे हप्ते बहुधा जून, ऑक्टोबर आणि जानेवारी असे असतील. आता पालकांकडे पैसा कधी येतो ते बघा. वाळवा, पलूस, कडेगावकडचा ऊसवाला: कारखाने सुरू होतात दिवाळीच्या आसपास. कायद्याने ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, मिळायला हवी, पण बिलं तुकड्यांत येतात हे सगळ्यांना माहीत आहे. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरजकडच्या द्राक्षवाल्याच्या हातात पैसा येतो फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर त्याचा खर्च सगळ्यात जास्त असतो. नेमका तेव्हाच तुमचा दुसरा हप्ता. हळदवाल्याचे पैसे उन्हाळ्यात. नोकरदाराला काय, दरमहा चालेल. थकलेला पालक शाळेत यायचं टाळतो, पालक भेटीला येत नाही, फोन उचलत नाही, आणि शेवटी मुलाला काढून घेतो. फी बुडते ती बुडते, मुलगाही जातो. तेवढीच फी पिकाच्या वेळापत्रकाप्रमाणे घ्यायची मुभा दिली तर वसुली सुधारते. फी किती असावी यासाठी २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जावं लागतं, तेही शैक्षणिक वर्षाच्या किमान सहा महिने आधी, त्यामुळे तिथे घाई चालत नाही. पण हप्त्यांच्या तारखांचा विषय त्याच समितीत मांडा. समितीत शेतकरी पालक असतील तर ते स्वतःच तुम्हाला महिने सांगतील.

आणि थकबाकीसाठी दाखला अडवू नका. आठवीपर्यंतच्या मुलाला दाखला ताबडतोब द्यावा, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ सांगतं, आणि त्यात दिरंगाई झाली तर मुख्याध्यापकावर कारवाई होऊ शकते. कायद्यापलीकडचंही एक कारण आहे: दाखला अडवलेला पालक गावात बसून तुमच्याबद्दल जे सांगतो, ते कुठल्याही जाहिरातीने पुसलं जात नाही.

आठवीबद्दल एकच. २०२३ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झाला तर पुरवणी परीक्षा, तीही जमली नाही तर त्याच वर्गात. निवासी शाळेत मागे राहिलेला मुलगा बहुतेक वेळा शाळाच सोडतो, कारण बरोबरीची मुलं त्याच आवारात पुढच्या वर्गात असतात. डिसेंबरातच अशी मुलं ओळखा.

आता मूळ मुद्दा, ज्यावर पालकाचा निर्णय ठरतो. तुमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांचं पुढे काय होतं?

तुमच्या फाटकावरच्या फलकावर काही फोटो असतील: एनडीएला (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीला) गेलेला एक, एमबीबीएसला लागलेले दोन, दहावीला पहिले आलेले तीन. पाचवीच्या पालकाला तो फलक आवडतो. सातवीचा पालक मात्र त्या फलकाकडे वेगळ्या नजरेने बघतो, कारण तोवर त्याला आपला मुलगा कळलेला असतो. त्याला माहीत असतं की आपलं पोर त्या सहांत नाही. त्याला जाणून घ्यायचं असतं की बाकीच्या मुलांचं काय झालं, आणि त्याचं उत्तर शाळेकडे नसतं. तिथे त्याचा विश्वास उडतो.

म्हणून एक वही घाला. दहावीची एक-एक तुकडी, सगळीच्या सगळी मुलं, आणि दहावीनंतर एका वर्षाने, तीन वर्षांनी आणि पाच वर्षांनी ती कुठे आहेत याची नोंद. फोन करायचे ते दिवाळीत, तेव्हा मुलं घरी सापडतात, आणि करायचे दहावीच्या वर्गशिक्षकाने, कारण मुलं त्याला खरं सांगतात. अकरावी-बारावी कुठे केली, डिप्लोमा, आयटीआय, भरतीची अकॅडमी, शेती, दुकान, घरी बसून. ‘घरी बसून’ हा रकाना कितीही टोचला तरी काढायचा नाही. दोन-तीन तुकड्यांची नोंद झाली की पालक सभेत नावं न घेता ती सगळी मांडा. पन्नासातले अकरा डिप्लोमाला, चौदा सायन्सला, सहा आयटीआयला, पाच दुकानात, असं जे काय असेल ते. मी जिथे जिथे हे करायला लावलं, तिथे पालक पहिल्यांदा गप्प बसून ऐकत होते आणि मग त्यांनी उपयोगाचे प्रश्न विचारले. लपवलं जाणार नाही असं कळलं की माणूस थांबतो.

ही वही हातात आली की वाटा आखता येतात. सैन्याची वाट आपल्या दोन्ही जिल्ह्यांत घराघरात आहे, साताऱ्याजवळच्या अपशिंगेला तर मिलिटरी अपशिंगे असंच म्हणतात. पण ‘एनडीए फाउंडेशन’ असं पत्रकावर छापून पाचवीपासून कवायत घेणं म्हणजे एनडीएची तयारी नव्हे. लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यात ३०० गुण एकट्या गणिताला, आणि मग तेवढ्याच गुणांची एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची चाचणी आणि मुलाखत, जिथे मुलाला इंग्रजीत विचार मांडता आले पाहिजेत. नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, म्हणजे संधी मोजक्या. तुमच्या शाळेत नववीचं गणित कोण शिकवतं आणि मुलं आठवड्यातून किती वेळा इंग्रजीत चार वाक्यं उभं राहून बोलतात, यावर तुमचं एनडीए ठरेल. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट आहे, १९७७ पासूनची, याच कामासाठी. नववी-दहावीतली खरोखर तयार असलेली मुलं तिकडे पाठवा. तुमच्या अकरावीचा पट दोनाने कमी होईल, शाळेचं नाव वाढेल. आणि ज्याला शिपाई म्हणून भरती व्हायचंय त्यालाही नीट माहिती द्या: अग्निवीर होऊन चार वर्षांनी जास्तीत जास्त शंभरातले पंचवीस कायम होतात. म्हणजे बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा हातात काही रक्कम घेऊन परत येऊ शकतो, तेव्हा त्याच्याकडे बारावी पूर्ण आणि एखादं कौशल्य असलं पाहिजे. हे अकरावीतच सांगायचं असतं.

डिप्लोमा ही आपल्याकडच्या मध्यम मुलासाठी फार चांगली वाट आहे आणि शाळा तिच्याबद्दल बोलत नाहीत, कारण दहावीनंतर मुलगा जातो. मिरज आणि कराडला शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाता येतं, आणि सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी ही नावं पालकांना परकी नाहीत. आयटीआय झालेल्या हुशार फिटरला किर्लोस्करवाडी, कुपवाड, मिरज या पट्ट्यात काम आहे. नववीतल्या मुलांना एकदा तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमध्ये नेऊन आणा. लेथवर उभा असलेला मोठा मुलगा बघून पोरांचे डोळे कसे होतात ते मी पाहिलंय. गणिताचं पुस्तक का उघडायचं हे त्यांना त्या दिवशी कळतं.

गलाईच्या दुकानात परत जाणारा मुलगा हाही तुमचा यशस्वी विद्यार्थी आहे, त्याला गळतीत धरू नका. उलट त्याच्यासाठी काहीतरी शिकवा. सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालंय. सोन्याचा कस काढणं हे रसायनशास्त्र आहे, आणि मिश्रधातूतलं प्रमाण काढणं हे शेकडेवारीचं गणित. त्याच्या आजोबांनी ज्या गोष्टी नजरेने आणि हाताने केल्या, त्या तो वर्गात सूत्राने शिकू शकतो. हिशेब, जीएसटी आणि बँकेचा व्यवहार नववी-दहावीत शिकवला तर वडील म्हणतील, बारावी कॉमर्स इथेच कर. तुमच्या तालुक्यातल्या शाळेने हे केलं नाही तर कुणी करायचं?

आता अकरावी. २०२५-२६ पासून राज्यभर अकरावीचे प्रवेश ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने होतात. तुमच्याच दहावीतल्या मुलालाही अर्ज भरून पसंतीक्रम द्यावा लागतो. इनहाऊस कोटा, म्हणजे स्वतःच्याच शाळेतल्या मुलांसाठी राखीव जागा, १० टक्के, म्हणजे ८० ची तुकडी असेल तर आठ जागा. शिवाय क्लासेसची ओढ आहे, लातूर, पुणे, सांगली. ज्यांना तिथला खर्च परवडतो आणि ज्यांना जायचंच आहे, त्यांना धरून ठेवायचा प्रयत्न सोडा. राहतील ती मुलं क्लासचे दोन-तीन लाख न परवडणाऱ्या घरची. त्यांच्यासाठी तुमची सायन्सची तुकडी एमएचटी-सीईटीला, म्हणजे इंजिनिअरिंग-फार्मसीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेला धरून चालवा. राज्य मंडळाच्या मुलाला ही परीक्षा जवळची आहे: साधारण ८० टक्के प्रश्न बारावीवर, २० टक्के अकरावीवर, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. दोन चांगले शिक्षक आणि दर शनिवारी संगणकावर सराव परीक्षा एवढ्यावर हे उभं राहतं. कुठल्या क्लासशी करार करून मुलांना कागदावर तुमच्याकडे आणि प्रत्यक्षात दुसरीकडे ठेवू नका. त्यात पट दिसतो, पण शाळा राहत नाही.

तुमच्या चार सूचनांवर थोडक्यात. शिक्षकांना टार्गेट नको. मे महिन्यात गावोगाव फिरून फीत सवलतीचा शब्द देऊन आणलेला मुलगा सगळ्यात आधी जातो, आणि जून उजाडता दमलेला शिक्षक वर्गात उभा राहतो. सीबीएसईने आताच्या गळतीवर काही होणार नाही, तेच शिक्षक आणि तेच वसतिगृह राहणार आहे. बदल करायचाच असेल तर आधी इंग्रजी आणि गणिताचे शिक्षक उभे करा. मुलींच्या प्रवेशाचा विचार मात्र मनापासून करण्यासारखा आहे. सगळ्या सैनिक स्कूलनी २०२१-२२ पासून मुली घेतल्या. भावा-बहिणीला एकाच ठिकाणी ठेवता यावं ही पालकांची गरज खरी आहे. पण मुलींना प्रवेश म्हणजे वेगळं वसतिगृह, महिला कर्मचारी आणि सुरक्षेची पूर्ण व्यवस्था. पट भरायचा म्हणून हे करायचं नाही. दिवसशाळेला पाचवीपासून मुली घेऊन सुरुवात करता येईल. जाहिरातीचे पैसे या वर्षी लहान मुलांच्या वसतिगृहातल्या त्या बाईच्या पगारात घाला.

पहिलं काम या आठवड्यातच होईल असं. गेल्या जूनपासून दाखला घेतलेल्या मुलांची यादी काढा. यू-डायस या सरकारी ऑनलाइन नोंदणीत शाळा सोडलेलं पण दुसऱ्या शाळेत नाव न चढलेलं मूल ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये दिसतं, तिथे कोण अडकलंय तेही बघा; त्यातली काही मुलं कुठल्याच शाळेत गेलेली नसतील, आणि त्यांच्या घरी कुणीतरी जायला हवं. उरलेल्या पालकांना फोन सचिव म्हणून तुम्ही स्वतः करा, रेक्टर किंवा कार्यालयाकडून नको. परत पाठवा असं एकदाही म्हणू नका. मुलगा आता कुठे शिकतो, तिथे कसा आहे, आमच्याकडे त्याला रात्री झोप लागत होती का, जेवत होता का, कुणाशी त्याचं जमायचं, एवढं विचारा आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. वीस-पंचवीस फोन झाले की तो कागद आणि तुकडीवार तक्ता मला पाठवा. संचालक मंडळाच्या पुढच्या बैठकीआधी आपण त्यावर बसू.